कणगीच्या नावाची आगारी

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, ऊन डोक्यावर आलं. पुरण शिजलं होतं, आमरस झाला होता, कुरडया तळून परातीत पडल्या होत्या, आणि तरी वरवट बकाल गावातल्या त्या घरात अजून कोणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. रीतच तशी आहे. आखाजीला आधी मेलेले जेवतात, मग जिवंत. अंगणात गोवरीचा विस्तव फुलवायचा, एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि पुरणपोळीचा घास, गूळ, वरून तूप असं विस्तवावर सोडायचं. तूप पेटून ज्वाळ उठली की ते माणूस जेवलं असं समजायचं. हीच आगारी. सगळ्या आगाऱ्या पेटेपर्यंत घरातल्यांनी बोटसुद्धा चाटायचं नाही. वर्षभर ज्यांची आठवण निघत नाही, त्या पितरांचा या दिवशी सगळ्यांना भारी कळवळा येतो तो काही उगाच नाही. भूक माणसाला भाविक करते.

आगारीला घरचे वडीलधारे हिंमतराव बसले होते. त्यांचे वडील जेवले. आई जेवली. मागच्या पावसाळ्यात गेलेल्या पुष्पाबाई, हिंमतरावांच्या बायको, तर नाव घेताक्षणी अशा भडकून उठल्या की त्यांच्या लेकानं, गोपालनं, झटकन हात मागं घेतला.

"आईले भूकच लय लागली होती," तो म्हणाला आणि डोळे पुसत हसला.

मग हिंमतरावांनी घसा खाकरला. या घरात आगारीला आजवर कधीच न घेतलेलं नाव त्यांना घ्यायचं होतं.

"कणगीच्या नावानं," ते म्हणाले, आणि घास सोडला.

तूप विस्तवावर पडलं आणि तसंच पडून राहिलं. चर्र झालं नाही, धूरही आला नाही. गोपालनं फुंकणी घेऊन फुंकलं. गोवरी लालबुंद झाली, धग तोंडाला लागली, पण पोळीचा घास कडेनंसुद्धा करपला नाही.

"अजून घाला तूप," ओसरीवरून वंदना, गोपालची बायको, म्हणाली.

घातलं. कापराची वडी ठेवली. तिलाही जाळ लागला नाही. ती नुसती बारीक होत होत संपली. कडुनिंबावर कावळे येऊन बसले होते आणि त्यातला एकही ओरडत नव्हता. तेवढ्यात लाईट गेली, घरातला कूलर घरघर करत थांबला, आणि अंगणात इतकं शांत झालं की गोपालला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

"आत्या, हे काय होऊन राह्यलं वो?" त्यानं विचारलं.

वच्छलाबाई बाजेवर बसल्या होत्या. हिंमतरावांची ही सगळ्यांत धाकटी बहीण, आखाजीला दरवर्षी माहेरी येणारी, आणि आजची ही जास्तीची आगारी तिच्याच हट्टापायी.

"मले काय पुसतं? ज्यानं हाक मारली त्याले पुस," त्या म्हणाल्या.

हिंमतरावांनी पुन्हा घास सोडला. "कणगीच्या नावानं."

विस्तव होता तसाच राहिला.

*

कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली. शेणामातीनं लिंपलेली, माणसाएवढी उंच, मध्ये फुगलेली. हिंमतरावांच्या मधल्या बहिणीला घरानं हे नाव दिलं होतं. ती जाऊन पन्नासावर वर्षं झाली, घरातल्या कणग्या गेल्या, लोखंडी कोठ्या आल्या, पण तिचं नाव काही गेलं नाही. वंदना लग्न होऊन आली तेव्हापासून एवढंच ऐकत होती, की कणगी बिचारी तापानं गेली, लग्न व्हायचं राहूनच गेलं.

नावं ठेवायची या घराला फार हौस, आणि तो मक्ता हिंमतरावांकडे. गोपाल उंचीला कमी, म्हणून बुटक्या. त्याची बहीण रुपाली अंगानं बारीक, म्हणून काडी. पुष्पाबाईंचा एक डोळा किंचित तिरका, तर त्या मरेपर्यंत चकणी. वंदनाला तर पाटावर बसल्याबसल्याच नाव मिळालं. हळद लावताना सासरे म्हणाले होते, "काळीवर हळद कायले वाया घालता बे?" सगळा मांडव हसला. वंदनाही हसली. हसली नसती तर 'रुसकी' हे आणखी एक नाव पडलं असतं. हिंमतरावांना मात्र नाव नव्हतं. नावं ठेवणाऱ्याला नाव ठेवायची छाती कोणाची होणार?

गोपाल-वंदनाची अर्पिता जन्मतःच थोराड. पाचवीतच तिला आजोबांनी 'दुसरी कणगी' करून टाकलं होतं. पोरगी गुणाची निघाली, शेगावच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली, भरल्या पोत्याचं एक टोक गडी माणसासारखं उचलायची. मग पिंपळगाव राजाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, शेती बागायती. मुलाची आई पुष्पांजली हिनं चहाचा कप खाली ठेवत सांगितलं, "पोट्टी आमाले पसंत आहे वो. फक्त लग्नापर्यंत जराशी उतरवा."

चुलीवरचं भांडं उतरवावं इतक्या सहज ती बोलली. आणि त्या दिवसापासून वंदनानं पोरीचं जेवण बंद केलं. सकाळी पाण्यात कालवलेली कसलीशी पावडर, संध्याकाळी काकडी. लाडवाच्या डब्याला कुलूप लागलं. पोरगी उतरली, खरंच उतरली. केस उतरले, तोंडावरचं तेज उतरलं, आणि एकदा लॅबमध्ये खुर्चीवरून तीही उतरली, सरळ फरशीवर.

मग उशीखाली कच्ची ज्वारी सापडायला लागली.

"चोरून कच्ची जवारी खातं काऊन?" वंदनानं विचारलं तेव्हा अर्पिता म्हणाली, "मी नाही खात, आई. सकाळी उठलं की माझ्या मुठीत राहते. कोणीतरी ठेवून जाते."

ही गंमत वंदनानं फोनवर वच्छलाबाईंना सांगितली. ज्वारी कच्चीच होती ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "दादाले सांग, आखाजीले माह्या बहिनीची आगारी टाक म्हणा. नाही तं पोट्टी हातची जाईन."

त्या दिवसापासून वंदना रोज सकाळी भीतभीत पोरीची उशी उचलून पाहायची. पण काकडीही चालूच होती. आज संध्याकाळी पिंपळगाववाले पुन्हा पाहायला येणार होते.

*

"वहिनी, काहीतरी दे तिले," स्वयंपाकघरात, सणाला माहेरी आलेली रुपाली हलक्या आवाजात म्हणाली. "पांढरीफटक पडली पोट्टी."

"आगारीच्या आधी? अन् मंग संध्याकाळी थे बाई येईन, पदराखालून कंबर पाहीन." वंदना पोळ्यांवरचं फडकं उगाच नीट करत राहिली. "मी काय वैरीण आहे तिची? तिचं चांगलं व्हावं म्हून करतो."

"हाव. माह्यंही सगळे चांगलंच कराले गेले." रुपाली हसली, पण हसू काही जमलं नाही. "पंगतीत मले दोन पोळ्या जास्त वाढतात अन् मंग पाहात बसतात, कुठी जातात म्हून. बाळंतपणात सासू सगळ्यांसमोर म्हणे, काडीले कुठून येईन दूध! मले खाय खाय, तुह्या पोरीले नको नको. पोट आपलं, वहिनी, अन् तोंडं समद्या गावाची."

वंदना काही बोलणार होती, तेवढ्यात दोघींनी एकदमच मान वळवली.

मागच्या अंगाला, जुन्या धान्याच्या खोलीकडून, आवाज येत होता. कुरकुर. थांबून थांबून. दाताखाली कोरडं धान्य चावल्याचा आवाज.

"अर्पिताच हाय थे," वंदना म्हणाली आणि तरातरा निघाली. मनात राग होता, आणि रागाखाली हायसं वाटणंही होतं. चोरून का होईना, पोरगी खाते आहे.

धान्याच्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून कडीच नव्हती, कधी बसवलीच नव्हती. आत कोणी राहणार थोडंच होतं. दाराबाहेर सतरंजी टाकून अर्पिता भिंतीला टेकून बसली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. दाराला कडी घातलेली होती. आवाज चालूच होता.

"आत कोन आहे?" रुपालीनं वंदनाचा दंड धरला.

"आत नाही कोणी, आत्या," अर्पिता म्हणाली. आवाज थकलेला, पण भ्यालेला नाही. "थे माझ्याजवळ बसली आहे."

वंदनानं पाहिलं. अर्पिताच्या शेजारची सतरंजी रिकामी होती. आणि रिकाम्या जागी ती दबलेली होती, एखादं अंगानं भरलेलं माणूस मांडी घालून बसावं तशी, काठ वर उचललेले. वंदनाच्या डोळ्यांदेखत तो खळगा थोडा सरकला आणि अर्पिताच्या अंगाशी आला. रुपालीच्या तोंडून "माय वो!" एवढंच निघालं.

अर्पिताला हे आता सवयीचं झालं होतं. पहिल्या दिवशी ती किंचाळली असती, पण किंचाळायला अंगात ताकद नव्हती. मग कळलं की जे कोण येतं ते उबदार आहे. त्याला शेणानं सारवलेल्या जमिनीचा आणि ज्वारीचा वास येतो. ते तिच्याकडे पाहतं, आणि इतक्या महिन्यांत तिची कंबर न पाहता तिच्याकडे पाहणारं तेवढं एकच होतं. ते मुठीत दाणे ठेवतं. स्वतःजवळ होतं तेवढं देत असावं, असं अर्पिताला वाटायचं आणि रडू यायचं.

"ऊठ तिथून," वंदना कशीबशी म्हणाली.

"उठवत नाही, आई," अर्पिता म्हणाली. ते खरंच होतं. दोघींनी तिला काखेत धरून अंगणात आणलं तेव्हा रुपालीच्या लक्षात आलं, की पोरीला उचलताना अजिबात जोर लागत नाही. पूर्वी हीच पोरगी आपल्या या बारीक आत्यालाच गमतीनं उचलून अंगणभर फिरवायची.

*

हिंमतराव विस्तवाकडे पाहत बसले होते आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता. ऊन होतंच, पण हा घाम उन्हाचा नव्हता. त्यांना आत्ताच एक गोष्ट कळली होती. बहिणीचं नाव त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. आई दारात उभी राहून पोरींना जेवायला बोलावते आहे. वच्छला धावत येते. मग आई दुसरी हाक मारते. आईचे ओठ हलताना दिसतात, आणि ऐकू येतं फक्त 'कणगी', तेही स्वतःच्याच आवाजात. आईनं तर तिला या नावानं कधीच हाक मारली नव्हती. मग काय म्हणायची ती? शेताचा गट नंबर आठवत होता, मेलेल्या बैलांची नावं आठवत होती.

"वच्छला," ते म्हणाले. "तिचं नाव सांग."

"तूच आठव."

"आठवत नाई."

"आठोत नाई?" वच्छलाबाई बाजेवरून उतरल्या. "मंग कशी मेली थे तं आठोते ना? थे सांग. या पोट्टीसमोर सांग. मंग सांगतो मी नाव."

"आत्या, आता कायले उकरता?" गोपाल मध्ये पडला. बापाची बाजू घ्यायची त्याला लहानपणापासूनची सवय. "आजी-आजोबा जेवले, आई जेवली. एक आगारी राह्यली तं राह्यली. समदे उपाशी आहे घरात."

"अर्धी दुपार उपाशी राह्यला तं जीव चालला तुहा?" वच्छलाबाई त्याच्यावर उलटल्या. "बस. भूक कशी असते थे समजू दे जरा घराले."

"बाबा, सांगा," रुपाली म्हणाली. ती अर्पिताला मांडीला टेकवून खाली बसली होती. बापाशी या आवाजात ती जन्मात पहिल्यांदा बोलत होती. "तापानं नाई गेली ना थे?"

हिंमतरावांनी वंदनाकडे पाहिलं. सून नेहमी खाली मान घालून त्यांची बाजू सावरायची. आज तिनं मान खाली घातली नाही. तिचे डोळे परत परत मागच्या खोलीच्या कडीकडे जात होते.

"मेहकरकडचं स्थळ होतं," हिंमतराव म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "बाबा वारले होते. घर माह्या अंगावर. त्या लोकायनं सांगतलं, पोरगी जाड आहे, आखाजीपर्यंत उतरली तं पाहू. मी तिले त्या खोलीत ठेवली. ताक देत होतो. पानी देत होतो. बाहेर ठेवली असती तं आईनं चोरून खाऊ घातलं असतं ना."

"कडी लावून," वच्छलाबाई म्हणाल्या.

"हाव. कडी लावून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मले तिले मारायचं नव्हतं बाप्पा. मी काय वैरी होतो तिचा? मी तिच्या चांगल्यासाठी केलं."

वंदनाच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. हेच वाक्य मघाशी तिच्या तोंडून निघालं होतं, पोळ्यांवरचं फडकं नीट करताना.

"मी लहान होतो," वच्छलाबाई अर्पिताकडे पाहत सांगायला लागल्या. "दाराच्या फटीतून भाकर सरकवत होतो. थे आतून बोटं बाहेर काढे अन् माह्ये बोटं धरून राहे. दादानं पाह्यलं अन् फटीले पोतं लावलं. चारी बाजूनं भरल्या कणग्या, अन् मधात आपली बाई उपाशी. शेवटी तिनं कणगीचं लिंपन नखानं उकरलं. दार उघडलं तवा तोंडात कच्ची जवारी होती. मुठीतही होती. मूठ सोडवता नाई आली आईले. तशीच जाळली."

मागच्या खोलीतली कुरकुर थांबली होती. ती कधी थांबली हे कोणालाच कळलं नव्हतं.

"नाव सांग," हिंमतराव म्हणाले.

"कौतिका," वच्छलाबाई म्हणाल्या. "नवसानं झाल्ती. आईनं मोठ्या कौतुकानं कौतिका नाव ठेवलं. तू तिचं कौतुकही खाल्लं अन् नावही खाल्लं, दादा."

हिंमतरावांनी पोळीचा घास मोडला. गूळ ठेवला. तूप घालताना अर्धं जमिनीवर सांडलं.

"कौतिकाच्या नावानं," ते म्हणाले. "कौतिकाबाई, मले माफ कर. जेव वो माय."

तूप निखाऱ्यावर पडलं.

आणि तसंच पडून राहिलं.

गोपालनं फुंकणी खाली टाकली. नाव घेतलं, माफी मागितली, आता आणखी काय हवं होतं तिला? वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावरचा तोरा उतरला आणि तिथं नुसती भीती उरली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की नाव घेतलं की सुटेल. कडुनिंबावरचे कावळे जरा खालच्या फांदीवर आले.

"थे जेवणार नाही, आबा," अर्पिता म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचं डोकं रुपालीच्या खांद्यावर होतं, पण ती बघत होती भलतीकडेच, स्वतःच्या शेजारी, जिथं कोणी नव्हतं.

"थे म्हणते, आधी तू जेव. तू उपाशी असशीन तं माझ्या घशाखाली उतरत नाही."

"आगारीच्या आधी?" हिंमतराव दचकून म्हणाले. "पितरायच्या आधी घरातल्यानं खाल्लं तं घर बसते. आजवर कोनी नाई—"

"आजवर पुष्कळ काही झालं नाई, मामाजी," वंदना सासऱ्यांना म्हणाली.

ती उठली. पितरांसाठी वाढलेलं ताट पाटावर झाकून ठेवलं होतं, ज्याला शिवायलाही मनाई. वंदनानं त्यावरचं झाकण काढलं. पोळीवर तुपाची धार धरली, आमरसाची वाटी उचलली आणि लेकीसमोर मांडी घातली. गोपालनं हात पुढं केला, तिला अडवायला की काय, त्यालाच कळलं नाही. मग तो हात त्यानं मागं घेतला आणि अर्पिताची पाठ धरली. बापाच्या विरुद्ध त्यानं आयुष्यात केलेली ही पहिली गोष्ट.

वंदनानं घास केला. पोरीच्या गालाला हात लागला आणि गालाऐवजी हाड लागलं. तिला हुंदका आला. "आ कर," ती म्हणाली. "आ कर माह्ये बाई. मी चुकलो."

अर्पितानं तोंड उघडलं. पहिला घास तिला चावता येईना, जीभ विसरून गेली होती. मग हळूहळू जबडा हलला. गिळताना गळ्याची शीर वर आली आणि खाली गेली.

अंगणात भक्कन आवाज झाला.

विस्तवातून ज्वाळ उठली होती. गोपालच्या कमरेइतकी, पिवळीधमक, सरळ, वारा नसताना थोडी अर्पिताकडे झुकलेली. घास, गूळ, आधीचं सगळं तूप एकदम पेटलं. वंदनानं दुसरा घास भरवला, ज्वाळ वाढली. तिसरा भरवला, तेव्हा अंगणभर पुरणाचा असा खमंग वास सुटला की सगळ्यांना आपली भूक आठवली. वच्छलाबाई पदर तोंडात धरून रडत होत्या. ज्वाळेला हात जोडायचेही त्यांना सुचलं नाही.

हिंमतरावांना तहान लागली होती. "बुटक्या," ते सवयीनं म्हणाले, "पानी आन रे."

ज्वाळ विझली.

कमी झाली नाही, विझली. तोंडावर कोणी हात ठेवावा तशी. आणि मागच्या खोलीची कडी, जिला कोणी हात लावला नव्हता, सावकाश सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. उघडायला सरकली की आणखी घट्ट बसायला, ते सांगता येत नव्हतं.

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं विस्तवाकडे पाहिलं. जन्मभर ज्या तोंडानं या घरातल्या प्रत्येक अंगाला, प्रत्येक डोळ्याला, रंगाला, उंचीला नावं ठेवली, ते तोंड उघडायची हिंमतरावांना भीती वाटत होती.

"गोपाल," ते शेवटी म्हणाले. फार वर्षांनी म्हटल्यानं ते नाव त्यांनाच नवं लागलं. "गोपाल बेटा. पानी आन."

निखाऱ्याच्या पोटात एक ठिणगी हलली. मग आस्ते आस्ते ज्वाळ पुन्हा वर आली. गोपाल काही उठला नाही. तो पंचेचाळिशीचा बाप्या तोंडावर पालथी मूठ धरून लहान पोरासारखा रडत होता. पाणी रुपालीनं आणून दिलं.

*

लाईट आली, कूलर चालू झाला, आणि त्याबरोबर वंदनाचा फोन वाजला. पिंपळगावचा नंबर होता.

"आमी निघून राह्यलो," पुष्पांजली म्हणाली. "काय म्हणते आमची सून? उतरली का जराशी?"

वंदनानं विस्तवाकडे पाहिलं. ज्वाळ स्थिर होती, वाट बघत असल्यासारखी.

"थे जेवून राह्यली," वंदना म्हणाली. "पोटभर जेवणार आहे, आज अन् उद्याही. तुमाले चालत असन तं या, जेवाले या, आखाजी आहे. नसन चालत तं गाडी तिथूनच वापस फिरवा. अन् आल्या तं माह्या पोरीच्या कमरेकडे पाहू नका. तोंडाकडे पाहा. तिचं नाव अर्पिता आहे."

पलीकडून काय उत्तर आलं ते तिनं ऐकलं नाही. फोन पालथा टाकून ती ताटाकडे वळली. लग्न मोडलं की राहिलं, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या घटकेला त्याची पर्वाही वाटली नाही.

"आई," अर्पिता म्हणाली, "अजून एक पोळी."

वंदनानं वाढली, वर तूप घातलं, आणखी घातलं. मग पंगत बसली. हिंमतराव सगळ्यांच्या शेवटी बसले. अर्पिताच्या शेजारी सतरंजीवर जागा सोडली होती. वच्छलाबाईंनी कोणाला न विचारता तिथं एक ताट मांडलं. दोन पोळ्या, आमरस, कुरडई, भजी. बाजूला पाण्याचा तांब्या.

ताटं उचलताना रुपालीच्या हातून ते ताट खाली पडता पडता राहिलं. तिनं ते तसंच वंदनाला दाखवलं. ताट पुसून घेतल्यागत रिकामं होतं, रसाची वाटीही. आणि ताटाच्या काठाशी, आता नको म्हणून काढून ठेवावी तशी, मूठभर कच्ची ज्वारी होती.